एफ ड्राइव्ह, पण कुठल्या टेबलावरचा? पेण-रोह्याच्या दोन सर्व्हरांनी शिकवलेली साधनचिकित्सा

संशोधनपद्धतीच्या पेपरात साधनांच्या बाह्य आणि अंतर्गत चिकित्सेवर प्रश्न हमखास असतो. आपण बखर, ताम्रपट, मोडी पत्रं यांची उदाहरणं देतो आणि मार्क मिळवतो. पण तुमच्यापैकी बरेच जण १९८० नंतरच्या काळावर काम करणार आहात. त्या काळाचं अर्धं दप्तर फ्लॉपीवर, सीडीवर आणि कुणाच्या तरी कपाटातल्या बंद मशीनवर आहे. त्याची चिकित्सा कशी करायची? मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी ते एका चुकीतून शिकले, आणि ती चूक साधी नव्हती. माझ्या प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात मी एका निर्दोष बाईंवर ठपका ठेवून मोकळी झाले होते.

त्या चुकीची ही हकिकत. मध्ये थोडं तांत्रिक येईल, पण घाबरू नका. तांत्रिक भाग कळल्याशिवाय चूक कळणार नाही.

दोन सीड्या, एक नाव

माझा विषय आहे नव्वदच्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या छोट्या सहकारी संस्थांमध्ये संगणक कसा आला. मोठ्या बँकांची कहाणी लिहिलेली सापडते. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समित्यांचे १९८४ आणि १९८९ चे अहवाल आहेत, कर्मचारी संघटनांचा विरोध आहे, करार आहेत. पतसंस्थांबद्दल असं काही नाही. तिथे संगणक आला तो कुणाच्या तरी भाच्याने सुचवला म्हणून, शेजारच्या संस्थेने घेतला म्हणून. त्यामुळे मला प्रत्यक्ष संस्थांच्या दारात जावं लागलं.

अशीच एक संस्था. नाव देत नाही. मुख्य कार्यालय पेणला, शाखा रोह्याला. त्यांनी मला जुने कागद दाखवले आणि दोन सीड्या दिल्या. दोन्हींवर काळ्या मार्करने एकच मजकूर: ‘एफ ड्राइव्ह पूर्ण’. मी एक उघडली, दुसरीत डोकावले. तेच फोल्डर, त्याच नावाच्या फाइली. म्हटलं, दुसरी म्हणजे जादा प्रत. ती बाजूला ठेवली आणि पहिलीवर काम सुरू केलं.

इथेच चूक झाली. पण त्या क्षणी तुम्हीही हेच केलं असतं.

पहिल्या सीडीवर रोहा शाखेच्या ठेवींच्या नोंदींची डीबीएफ फाइल होती. डीबीएफ म्हणजे डीबेस, फॉक्सप्रो, क्लिपर या प्रोग्रॅमांचा कोष्टक साठवायचा प्रकार. त्या काळात महाराष्ट्रातल्या किती पतसंस्थांचे, दुकानांचे, सोसायट्यांचे हिशेब यात बसले असतील! इतिहासाच्या विद्यार्थ्याला या फाइलीचा एक गुण फार उपयोगी आहे. नवीन नोंद सहसा शेवटी जोडली जाते. म्हणजे व्यवहाराची तारीख काहीही लिहिलेली असो, ती नोंद कुठल्या नोंदीनंतर संगणकात चढली हे तिच्या क्रमांकावरून कळतं. जावक रजिस्टरमध्ये मागची तारीख टाकून नोंद घुसवली की ती खालच्या ओळीत दिसते, तसंच.

मला नेमकं तेच दिसलं. पावसाळ्यातले अकरा दिवस. त्यांच्या नोंदी त्यांच्या जागी नव्हत्या. त्यानंतरच्या दिवसांच्या नोंदी आधी होत्या आणि हे अकरा दिवस मागाहून, एकगठ्ठा. मी लिहून टाकलं: शाखेने अकरा दिवस नोंदी पाठवल्याच नाहीत, नंतर मागच्या तारखेने भरल्या.

वर कागदाचा पुरावाही मिळाला. फाइलीत रोह्याच्या लिपिक बाईंना पेणहून दिलेला मेमो होता. अमुक ते अमुक तारखेच्या फ्लॉप्या का पाठवल्या नाहीत, खुलासा करावा. त्यांचा खुलासा होता की फ्लॉप्या रोज पाठवल्या आहेत. आणि त्याखाली शेरा, ‘खुलासा समाधानकारक नाही. समज देण्यात यावी.’

संगणक एक सांगतो, कागद तेच सांगतो. दोन स्वतंत्र साधनांची साक्ष जुळली. आणखी काय हवं? मी परिच्छेद पुरा केला.

अक्षर कुठून आलं

आता तांत्रिक भाग. ‘एफ’ हे अक्षर मुळात काय आहे?

संगणकातल्या डिस्कला एक अक्षर द्यायची रीत साठच्या दशकाच्या शेवटी आयबीएमच्या सीएमएस या प्रणालीत दिसते. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम लिहिली, तिच्यात ती आली. तिथून १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये. ए आणि बी ही फ्लॉपीची अक्षरं. १९८३ मध्ये आयबीएमने हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी काढला आणि हार्ड डिस्कला सी मिळाला. अजूनही आपल्या लॅपटॉपवर सी आहे, ए आणि बी मात्र कुठेच नाहीत. गावात वाडा पडला तरी ‘वाड्यामागे’ हा पत्ता राहतो, तसं.

मग नेटवर्क आलं. ऐंशीच्या दशकात नॉव्हेल कंपनीचं नेटवेअर छोट्या कार्यालयांत पसरलं. एका खोलीत सर्व्हर, बाकीच्या टेबलांवर साधी डॉसची मशीन. आता सर्व्हरवरच्या फाइली त्या टेबलावरच्या माणसाला दाखवायच्या कशा? त्याला तर ए, बी, सी एवढंच ठाऊक. म्हणून युक्ती केली. सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरला या मशीनवर एक मोकळं अक्षर द्यायचं. यालाच मॅपिंग म्हणतात. डॉसला ई पर्यंतची अक्षरं मुळातच राखून ठेवायची सवय होती, त्यामुळे नेटवेअरचं पहिलं अक्षर बहुतेक ठिकाणी एफ झालं. त्या काळी नोकरीत असलेल्यांना विचारा. सकाळी मशीन लावलं की एफ टाइप करायचं, मग लॉगिन, मग नाव, मग पासवर्ड. अनेकांना वाटायचं की एफ म्हणजेच सर्व्हर.

पण एफ म्हणजे सर्व्हर नाही. एफ म्हणजे त्या टेबलावरच्या मशीनने, त्या दिवशी सकाळी, लॉगिन करताना मानलेला संकेत. सर्व्हरला हे अक्षर माहीतही नसतं. शेजारच्या टेबलावर तेच फोल्डर जी असू शकतं. आणि मशीन बंद केलं की संकेत पुसला जातो.

कोकणातल्या वाचकांना उदाहरण देते. ‘वरच्या आळीत राहतो’ असं कुणी सांगितलं तर तुम्ही आधी विचारता, कुठल्या गावातली वरची आळी? कारण वरची आळी गावोगाव असते. एफ ड्राइव्हचं तसंच आहे. त्याचा गाव म्हणजे ते टेबल.

एका टेबलावर दोन मालक

जोवर कार्यालयात एकच सर्व्हर होता तोवर हे कुणाला जाणवलं नाही. पेणच्या या संस्थेत सुरुवातीला नेटवेअर ३.१२ होतं, १९९३ मध्ये आलेली आवृत्ती. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम एफवर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आत ठिकठिकाणी ‘एफ’ हे अक्षरच टाकलं होतं. तेव्हा सगळे तसंच करत.

दशकाच्या अखेरीस २००० सालच्या तारखेची धास्ती सगळीकडे पसरली. जुनी यंत्रणा बदलायचा सल्ला मिळाला आणि विंडोज एनटी ४.० चा नवा सर्व्हर आला. बेत सरळ होता. एका रविवारी जुन्या सर्व्हरवरचं सगळं नव्यावर उतरवायचं, चार दिवस चाचणी घ्यायची आणि जुना बंद करायचा. प्रोग्रॅममध्ये एफ पक्कं लिहिलेलं, तेव्हा नव्या सर्व्हरच्या लॉगऑन स्क्रिप्टमध्येही एफच द्यायचा. म्हणजे जुना बंद झाल्यावर कुणाला काही फरक कळणार नाही. विचार अगदी शहाणपणाचा होता. हे लक्षात ठेवा, कारण इतिहासात बरेच घोटाळे मूर्खपणातून होत नाहीत. ते शहाण्या बेताचा अर्धाच भाग पार पडल्याने होतात.

बेत अर्ध्यावर अडकला. बदली लांबली. दोन्ही सर्व्हर चालू राहिले आणि दोघांच्याही स्क्रिप्टमध्ये एफ.

आता एका टेबलावर सकाळी काय होतं ते पाहा. विंडोज ९८ चं मशीन. आधी नॉव्हेलची खिडकी येते, लॉगिन होतं, नेटवेअरची स्क्रिप्ट एफ घेऊन टाकते. मग एनटीची स्क्रिप्ट धावते आणि एफ मागते. अक्षर आधीच वापरात आहे, एरर ८५. काळी खिडकी क्षणभर चमकते आणि नाहीशी होते. एफ नेटवेअरचाच राहतो, काम सुरू. रोज चमकणाऱ्या त्या खिडकीकडे कोण बघतो?

पण एखाद्या दिवशी नॉव्हेलचा सर्व्हर सापडला नाही आणि माणसाने ‘कॅन्सल’ दाबलं तर? एफ मोकळा राहतो. एनटीची स्क्रिप्ट येते, एफ घेते. खिडकीत कसलीही तक्रार नाही. प्रोग्रॅम उघडतो, कारण रविवारी उतरवलेली त्याची प्रत एनटीवर आहे. फोल्डर तेच, फाइली त्याच, पडदा तोच. फक्त आता तुम्ही दुसऱ्या वहीत लिहिताय.

दोन्ही सर्व्हर एकमेकांना ओळखत नव्हते. नेटवेअर ३ आयपीएक्स या प्रोटोकॉलवर बोलत होतं, एनटी तिथे टीसीपी/आयपीवर. एकाच वायरवरून दोन भाषा. त्यांची गाठ पडायची ती फक्त टेबलावरच्या सव्वीस अक्षरांत. म्हणून भांडणही तिथेच होई आणि त्याची नोंद कुठल्याच सर्व्हरवर राहत नसे. नेटवेअरच्या दृष्टीने तो माणूस त्या दिवशी आलाच नाही. एनटीच्या दृष्टीने एक माणूस आला आणि त्याने काम केलं. दोघंही खरं सांगत होते.

अकरा दिवस

हे मला एकदम कळलं नाही. त्या संस्थेत संगणकाचं काम पाहणारे एक काका आता पेणलाच निवृत्त आयुष्य घालवताहेत. गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत घर. मसुदा झाल्यावर एक-दोन तारखा पक्क्या करायला गेले होते. बोलता बोलता मी म्हटलं, “काका, एफ ड्राइव्हवर रोह्याच्या अकरा दिवसांच्या नोंदी मागाहून चढल्यात.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “कुठल्या टेबलावरचा एफ?”

मला प्रश्नच कळला नाही. मी सीडीबद्दल सांगितलं. “दुसरी बघितलीस का?”

“ती तीच आहे ना, काका?”

“तीच असती तर मी दोन कशाला केल्या असत्या?”

जुना सर्व्हर शेवटी बंद करायची वेळ आली तेव्हा नव्या सर्व्हरवरची चाचणीची प्रत पुसून त्यावर ताजा डेटा चढवायचा होता. काका काहीही पुसण्याआधी प्रत काढून ठेवत. त्यांनी एक सीडी जुन्या सर्व्हरची केली, एक नव्यावरच्या त्या टाकाऊ प्रतीची. दोन वेगवेगळ्या टेबलांवर बसून केल्या. दोन्हीकडे पडद्यावर एफ होता, म्हणून दोन्हींवर एफ लिहिलं.

मी घरी येऊन दुसरी सीडी उघडली. त्या प्रतीतल्या बाकीच्या फाइली रविवारच्या उतरवणीनंतर जवळजवळ बदललेल्या नव्हत्या. रोहा शाखेची ठेवींची फाइल मात्र बदललेली होती. डीबीएफ फाइलीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या बाइटनंतरच्या तीन बाइटांत शेवटच्या बदलाची तारीख असते आणि पुढच्या चारांत नोंदींची संख्या. ती तारीख अकराव्या दिवसाची निघाली. आणि फाइलीच्या शेवटी ते अकरा दिवस, एकामागून एक, जिथल्या तिथे.

मग बाकीचे तुकडे गोळा केले. नेटवेअर ३ मध्ये सर्वांसाठीची लॉगिन स्क्रिप्ट सिस व्हॉल्यूमच्या पब्लिक फोल्डरात एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. ती पहिल्या सीडीवर होती. एनटीची स्क्रिप्ट म्हणजे एक बॅच फाइल, ती दुसऱ्या सीडीवर होती. दोन्हींत एफ. काकांची खिशातली डायरी होती. अकराव्या दिवसाच्या पानावर एक ओळ: ‘रोहा टेबल, फ्रेम टाइप ८०२.२ केली, नॉव्हेल लागलं.’

ही ओळ समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिच्यात आहे. पेणला एक टेबल होतं जिथे रोह्याहून आलेली फ्लॉपी चढवत. रोह्याहून रोज संध्याकाळी पेणला परतणारा शिपाई ती फ्लॉपी पिशवीतून आणायचा. नागोठणे, कासू करत गाडी पेणला येते, तोच रस्ता. त्या टेबलावरच्या मशीनमध्ये विंडोज नव्याने घालावं लागलं. नव्याने घातल्यावर आयपीएक्सची फ्रेम टाइप जुळेना. नेटवेअर ३.११ पर्यंत मूळ सेटिंग ८०२.३ असे, ३.१२ पासून ८०२.२ झालं. टेबल एका प्रकारे पाकीट पाठवतं, सर्व्हर दुसऱ्या प्रकारच्या पाकिटाची वाट बघतो. सर्व्हर सापडत नाही. चालवणारा माणूस रोज सकाळी ‘कॅन्सल’ दाबतो, पुढची खिडकी येते, प्रोग्रॅम उघडतो, फ्लॉपी चढते. काम झालं असं त्याला वाटतं, आणि तसं न वाटायला काही कारणच नाही.

अकराव्या दिवशी काकांनी नॉव्हेल दुरुस्त केलं. बाराव्या दिवसापासून त्या टेबलाचा एफ पुन्हा जुन्या सर्व्हरचा झाला. अकरा दिवस मागे, दुसऱ्या वहीत राहिले. पंधरवड्याचा ताळा घेतला तेव्हा रोह्याचे अकरा दिवस गायब. फ्लॉप्या आलटून पालटून वापरत, त्यामुळे जुन्या पुसलेल्या. रोह्याहून व्हाउचर मागवून नोंदी पुन्हा टंकल्या. म्हणून त्या मागाहून, एकगठ्ठा. आणि पेणहून रोह्याला मेमो.

शेवटी मी रोह्याला गेले. शाखेच्या माळ्यावर जावक रजिस्टर होतं. अकराही दिवशी ‘फ्लॉपी १ नग, पेण’ आणि पुढे शिपायाची सही.

जुळलेली साक्ष खोटी का ठरली

आता मूळ प्रश्नाकडे या. माझ्याकडे दोन साधनं होती, संगणकाची फाइल आणि कागदी मेमो. दोन्ही जुळत होती. तरी निष्कर्ष चुकला. का?

कारण ती दोन साधनं नव्हतीच. मेमो लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या टेबलावरचा एफ पाहून मेमो लिहिला होता. मी तोच एफ वीस-पंचवीस वर्षांनी सीडीवर पाहिला. मी आणि तो अधिकारी एकाच खिडकीतून बघत होतो. खिडकी एक असेल तर बघणारे कितीही असोत, साक्ष एकच.

जावक रजिस्टर मात्र खरोखर वेगळं साधन होतं. ते रोह्यात लिहिलं गेलं, पेणचा पडदा न पाहता. आणि मी ते आधी शोधलंच नव्हतं, कारण मला ‘डिजिटल पुरावा’ मिळाला होता. खरं सांगते, त्या शब्दाचा मला थोडा गर्व होता.

आपल्या क्षेत्रात हे नवं नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे जमिनींच्या एकत्रीकरणाची योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. १९३५ च्या कागदातला ४२ नंबर आजच्या सातबाऱ्यावर शोधला तर दुसऱ्याच कुणाचं शेत हाती लागेल. आणि १९८० पर्यंतच्या सरकारी कागदांत ‘रायगड जिल्हा’ शोधाल तर सापडणार नाही, कारण कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये बदललं. नाव आणि वस्तू यांची गाठ कधी, कुणी, कुठे बांधली हे विचारायची सवय आपल्याला कागदाबाबत आहे. पडद्यासमोर बसलो की ती सवय कुठे जाते कोण जाणे.

तेव्हा दुरुस्ती कशी करत, आणि आज आपण काय घ्यायचं

अशा भांडणाची दुरुस्ती करणाऱ्यांनी, म्हणजे पेणच्या काकांसारख्या हजारो माणसांनी, काही नियम अनुभवातून बसवले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते जसेच्या तसे घ्यावेत.

पहिला नियम, आधी त्या टेबलावर जा. सर्व्हरच्या खोलीतून कळणार नाही. नेटवेअरसाठी ‘मॅप’ आणि मायक्रोसॉफ्टसाठी ‘नेट यूज’ ही आज्ञा दिली की त्या मशीनवर आत्ता कुठलं अक्षर कुणाचं आहे याची यादी येते. आपल्यासाठी याचा अर्थ असा: फाइल हातात आली की ती कुठल्या मशीनवरून, कुणी, कुठल्या दिवशी काढली हे विचारा. सांगणारा माणूस जिवंत आहे तोवर विचारा.

दुसरा, अक्षरावर थांबू नका, पूर्ण नाव लिहा. विंडोजमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा, मग सर्व्हरचं नाव, मग फोल्डर असा पत्ता लिहिता येतो. त्यात टेबल बदललं तरी अर्थ बदलत नाही. तुमच्या टिपणांतही ‘सीडीवरची फाइल’ असं लिहू नका. कुठली सीडी, कुणाकडून, वर काय लिहिलेलं, आत कुठला सर्व्हर, सगळं लिहा.

तिसरा, एका अक्षराला सगळ्या कार्यालयात एकच मालक ठेवा. शहाणे लोक कागदावर तक्ता करून भिंतीला लावत: एफ जुन्याचा, एन नव्याचा. स्क्रिप्टमध्ये अक्षर देण्याआधी जुनं सोडवून घेत, आणि विंडोजने ‘मागच्या वेळचं’ मॅपिंग आठवून स्वतःहून जोडू नये म्हणून ती सोय बंद करत. तुम्हाला असा तक्ता कुठल्या जुन्या कार्यालयात मिळाला तर तो रद्दी समजू नका. तो त्या दप्तराचा नकाशा आहे. स्क्रिप्टच्या फाइली, डायऱ्या, हार्डवेअरवाल्याची बिलं यांचंही तसंच.

चौथा, चाचणीची प्रत चालू कामाच्या वाटेत ठेवू नका. ठेवावीच लागली तर फक्त वाचता येईल अशी ठेवा. पेणला एवढं केलं असतं तर पहिल्याच दिवशी फ्लॉपी चढली नसती आणि कुणीतरी ओरडलं असतं. बिघाड ओरडला तर बरं. जो बिघाड गप्प राहून काम ‘करून’ दाखवतो तो पुढे संशोधकालाही फसवतो.

पाचवा आपला स्वतःचा. मूळ सीडीवर किंवा फ्लॉपीवर काम करू नका. आधी प्रत काढा, तिचा चेकसम नोंदवा आणि प्रतीवरच काम करा. जुन्या डीबीएफमध्ये चुकून एक अक्षर बदलून ठेवलंत तर सुरुवातीच्या त्या तीन बाइटांत आजची तारीख बसेल. माझा सगळा उलगडा त्या तीन बाइटांवर उभा होता. आणि ‘जादा प्रत’ असं वाटणारी कुठलीही गोष्ट ताडून पाहिल्याशिवाय बाजूला ठेवू नका. दोन फाइलींची नावं सारखी असणं आणि दोन फाइली सारख्या असणं यांत किती अंतर असतं ते तुम्ही आता पाहिलंच.

अक्षरांचा हा खेळ संपला असंही समजू नका. विंडोज एक्सपीच्या काळात पेनड्राइव्ह लावला की तो कधी कधी दिसायचाच नाही, कारण त्याला मिळालेलं अक्षर आधीच नेटवर्कच्या ड्राइव्हने व्यापलेलं असे. अनेक सरकारी आणि सहकारी कार्यालयांत आजही ‘झेड ड्राइव्हवर टाकलंय’ असं सांगतात. तुमच्या प्रबंधाची माहिती तुम्ही अशाच वाक्यांवर विसंबून गोळा करणार आहात.

राहिल्या त्या रोह्याच्या बाई. त्या आता निवृत्त आहेत, कुंडलिकेच्या बाजूला राहतात. मी जावक रजिस्टरचा फोटो, फाइलीतल्या त्या अकरा दिवसांचा छापील कागद आणि काकांच्या डायरीतली ओळ घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. तारखांवर बोट फिरवत राहिल्या.

“मी तेव्हाच सांगितलं होतं, रोज पाठवली म्हणून,” त्या म्हणाल्या.

“मावशी, संस्थेला कळवू का?”

“आता काय उपयोग गं? शेरा मारणारे साहेबही नाहीत.” मग थोड्या वेळाने, “पण तू लिही. नाव घालू नको, पण लिही.”

मसुद्यातला तो परिच्छेद मी काढून टाकलेला नाही. तळटीप म्हणून ठेवला आहे, माझ्या पहिल्या वाचनासकट, आणि ते का चुकलं यासकट. मार्गदर्शकांनी विचारलं, चुकीचं वाचन प्रबंधात कशाला? मी म्हटलं, पुढे कुणीतरी हीच पहिली सीडी उघडेल, शेजारी हाच मेमो ठेवेल, आणि त्याचीही साक्ष अशीच जुळेल. त्याला दुसऱ्या सीडीची वाट माहीत असलेली बरी.

तुमच्या कामात असं काही सापडलं असेल, सारख्या नावाच्या दोन फाइली, न जुळणाऱ्या दोन प्रती, तर कुठली खरी हे ठरवायची घाई करू नका. आधी प्रत्येक प्रत कुठल्या टेबलावरून पाहिली गेली ते शोधा.